खिळे ठोकलेली ती आफ्रिकन मूर्ती शत्रूची बाहुली नाही

अंगभर खिळे ठोकलेल्या लाकडी मूर्तीचा फोटो बरेचदा फॉरवर्ड होतो, खाली लिहिलेलं असतं की आफ्रिकेत शत्रूचा पुतळा करून त्याला खिळे टोचतात आणि तिकडे शत्रूला वेदना होतात. तसं नाहीये. ही मूर्ती काँगो नदीच्या मुखाकडच्या कोंगो लोकांची 'न्किसी न्कोंडी', म्युझियममधल्या बऱ्याचशा 19व्या शतकातल्या. ती शत्रूची प्रतिमा नसतेच, ती साक्षीदार असते. भांडण मिटलं, करार झाला, शपथ घेतली की न्गांगा, म्हणजे तिथला विधी जाणणारा माणूस, खिळा ठोकायचा, आणि शब्द मोडणाऱ्याला मूर्तीतली शक्ती शोधून काढेल असं लोक मानायचे. चोर पकडायलाही तिलाच जागं करायचे, म्हणजे शिक्षेचा धाक होताच, पण तो गुन्हेगाराला.

तपासायचं असेल तर फोटो झूम करून बघा. खिळे, पाती, स्क्रू असं सगळं वेगवेगळं दिसेल कारण ती वेगवेगळ्या वेळची वेगवेगळी प्रकरणं आहेत, काहींना चिंध्याही बांधलेल्या असतात. पोटावर बरेचदा आरसा लावलेली पेटी असते, तिच्यात औषधी द्रव्यं भरलेली. मला तर ही मूर्ती म्हणजे अख्ख्या गावाच्या करार-भांडणांची नोंदवहीच वाटते. म्युझियमच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नाव टाकून वर्णनही वाचता येतं.