सर्व्हिस्ड पिचवर पाणी आणि सांडपाणी कसं जोडायचं (व्हॅन नेणाऱ्यांनी आधी हे वाचा)

नमस्कार मंडळी. आमच्याकडून कॅराव्हॅन भाड्याने नेणाऱ्या जवळपास प्रत्येक कुटुंबाचा एक प्रश्न ठरलेला असतो, की बुकिंगमधे फुल्ली सर्व्हिस्ड पिच लिहिलंय म्हणजे टॉयलेटपण तिथेच जोडलं जाणार ना? नाही. पिच म्हणजे कॅम्पसाइटवरची आपली व्हॅन लावायची जागा, आणि इथे युकेत सर्व्हिस्ड पिच म्हणजे त्या जागेवर तीन गोष्टी मिळतात, विजेचा हुकअप म्हणजे व्हॅनला वीज घ्यायचा जोड (बहुतेक ठिकाणी १६ अँपिअर, काही साइटवर १०), पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सिंक-शॉवरचं पाणी सोडायला मोरी. टॉयलेटची कॅसेट (सीटखालचा काढता येणारा डबा) या सगळ्यापासून वेगळी, ती हाताने काढून साइटवरच्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. यूट्यूबवर जाड पाईप लावून सगळं एकदम सोडताना दाखवतात ते अमेरिकेतल्या मोठ्या आरव्हीचं असतं, त्या गाड्यांच्या पोटात मैल्याची वेगळी टाकी असते, आपल्या व्हॅनला ती नाहीये, त्यामुळे ते बघून इथे तसं काही करायला जाऊ नका.

म्हणून व्हॅनच्या बाहेरच्या लॉकरमधे तुम्हाला दोन बॅगा दिसतील. निळ्या बॅगेत स्वच्छ पाण्याचा पाईप, करड्या बॅगेत सांडपाण्याचा. या दोन्हीतलं सामान एकमेकांत कधीही जाऊ द्यायचं नाही, अगदी घाईत, पावसात, पोरं रडत असताना सुद्धा नाही. सगळं माहितीपत्रक विसरलात तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा.

पोचल्यावर आधी व्हॅन सपाट करा

पाण्याला हात लावायच्या आधी व्हॅन लेव्हल करायची आणि चारही कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. हे नुसतं झोपताना घसरू नये म्हणून नाही, व्हॅन एका बाजूला कलली असेल तर शॉवरचं पाणी जाळीकडे जातच नाही, कोपऱ्यात साठून राहतं आणि मग लोक फोन करतात की मोरी तुंबली. दाराजवळ ड्रॉवरमधे छोटी लेव्हल ठेवलेली आहे, ती व्हॅनच्या आत जमिनीवर ठेवून बुडबुडा मधोमध येतोय का बघा.

पाणी आत कसं घ्यायचं

पिचवरच्या नळाची तोटी आधी पुसून घ्या (निर्जंतुक करायचा स्प्रे निळ्या बॅगेतच आहे), मग नळ पूर्ण सोडून एखादा मिनिट पाणी वाहू द्या, कारण तुमच्या आधीच्या लोकांनी त्याच तोटीवर काय धुतलं असेल सांगता येत नाही, आणि पिच आठवडाभर रिकामी असेल तर नळीतलं पाणीही तितकंच शिळं असतं. त्यानंतरच आमचा निळा पाईप लावा. हा पाईप पिण्याच्या पाण्यासाठीचा, फूड ग्रेड आहे, बागेला पाणी घालायचा साधा पाईप कृपया वापरू नका. आम्ही स्वतः पहिल्यांदा वेल्समधे गेलो होतो तेव्हा घरचाच हिरवा पाईप नेला होता, दिवसभर उन्हात पडलेला, आणि संध्याकाळी केलेल्या चहाला असा रबराचा वास की आलं-वेलची घालूनही गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक व्हॅनमधे चांगला पाईप ठेवतो.

आता पाईपचं दुसरं टोक कुठे लावायचं. काही लोक नळाचं पाणी थेट व्हॅनला जोडतात, त्यासाठी प्रेशर कमी करणारा वेगळा जोड मिळतो. आम्ही तो देत नाही, आणि ते मुद्दाम. व्हॅनच्या आतल्या नळ्या १२ व्होल्टच्या छोट्या पंपाच्या जोरावर चालण्यासाठी बनवलेल्या असतात, साइटच्या नळाला त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर असू शकतो, आणि थेट जोडलेलं असताना आत कुठे सांधा सुटला तर नळ बंद करेपर्यंत पाणी येतच राहतं. म्हणून आमच्याकडे ४० लिटरचं लोळवत न्यायचं बॅरल आहे, त्यावर बॉलकॉक बसवलेला आहे, गच्चीवरच्या टाकीत असतो ना तसाच. पाईप त्या बॉलकॉकला लावायचा, नळ सोडायचा, बॅरल भरलं की पाणी आपोआप थांबतं, वापराल तसं परत भरतं. काही गडबड झालीच तरी बाहेर गवतावर, आतल्या कार्पेटवर नाही.

बॅरलमधे पंप सोडताना एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची चुकते म्हणून नीट सांगतो. पंप पाण्यात सोडला की त्यात हवा अडकते. पंपाची नळी हातात धरून तो पाण्याखाली गोल गोल फिरवायचा, हलकेच बॅरलच्या कडेवर दोन-तीनदा टेकवायचा, बुड बुड करत फुगे वर येतील, ते यायचे थांबले की मगच वरचं टोक व्हॅनच्या बाजूच्या सॉकेटमधे दाबून बसवायचं, क्लिक ऐकू आलं पाहिजे. फुगे न काढता स्विच ऑन केला तर पंप नुसता गुणगुणत बसतो आणि पाणी चढत नाही, आणि असा कोरडा फार वेळ चालला तर जळतो.

आत आल्यावर पंपाचा स्विच ऑन करा, आणि सिंकचा गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा. आधी फसफस हवा येईल, थुंकल्यासारखं पाणी येईल, बॉयलर १० लिटरचा आहे त्यामुळे थोडा वेळ लागतो, धीर धरा. सलग धार लागली की मग नळ बंद, आणि त्यानंतरच बॉयलर चालू करायचा. सगळे नळ बंद असताना पंप मधूनमधून गुर्र गुर्र करत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय, आधी सॉकेटचा रबरी रिंग नीट बसलाय का बघा, बहुतेक वेळा तिथेच असतं.

पाणी पांढुरकं दिसलं तर ग्लास मिनिटभर ठेवून बघा, खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे, बिनधास्त प्या. चहाची चव बदलते म्हणूनही बरेच जण विचारतात, विशेषतः लंडन-केंटकडचे. तुमच्याकडचं पाणी जड, लेक डिस्ट्रिक्टचं आणि स्कॉटलंडचं मऊ, त्यामुळे चहा वेगळा लागणारच. आणि लेक डिस्ट्रिक्टमधे थर्लमेअर तलावाजवळून जाल तेव्हा पोरांना सांगा की मँचेस्टरच्या नळाला इथूनच पाणी जातं, १८९४ पासून.

सिंकचं पाणी बाहेर

करड्या बॅगेत पन्हळीसारख्या रेघांचा पाईप आहे. व्हॅनखाली दोन तोंडं दिसतील, एक किचनचं, एक बाथरूमचं, दोन्हीवर छोटे पाईप लावून ते इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या जोडात एकत्र करायचे आणि तिथून एकच लांब पाईप पिचच्या मोरीपर्यंत. उतार सलग पाहिजे. पाईपला मधेच पोट पडलं की तिथे पाणी साठतं, दोन दिवसांत आंबट वास सुटतो. खाली टेकू द्यायला लाकडाचे ठोकळे ठेवलेत, जास्तीचा पाईप गुंडाळून ठेवू नका, सरळ ताणून घ्या. टोक मोरीत बोटभर आत गेलं की पुरे, कपडा वगैरे कोंबून बंद करायचं नाही, हवा जायला जागा लागते. काही साइटवर मोरीचा पाईप जमिनीच्या बराच वर काढलेला असतो, आपल्या व्हॅनच्या तोंडापेक्षा उंच, तिथे पाणी काही चढणार नाही, अशा वेळी करडी चाकांची टाकी व्हॅनखाली लावा आणि भरली की ओढत नेऊन ओता.

आता आपल्या स्वयंपाकाबद्दल, कारण व्हॅनसोबत येणाऱ्या इंग्रजी पुस्तकात हे सापडणार नाही. हा पाईप आतून जेमतेम अंगठ्याएवढा आणि वर त्याला रेघा. चहाचा चोथा, भाताची शितं, फोडणीतल्या मोहऱ्या, खवलेलं खोबरं, सगळं त्या रेघांत जाऊन बसतं, त्यावर तुपा-तेलाचा थर येतो, रात्री थंडी पडली की तो थिजतो, आणि सकाळी सहा माणसांची आंघोळ सुरू झाली की शॉवरमधे पाणी उलटं वर येतं. गेल्या वर्षी एका पाईपमधून आम्ही वीतभर लांब घट्ट गोळा काढला, नुसता चोथा, भात आणि तूप. म्हणून कढई-ताटं आधी टिश्यूने पुसा, खरकटं कचऱ्याच्या पिशवीत टाका, चहा गाळणीतच नीट निथळू द्या आणि सिंकची जाळी काढू नका. मग रोज रात्री शेवटी एक किटलीभर कोमट (उकळतं नाही) पाणी थोडा साबण घालून सोडा, एवढं पुरतं. आणि सिंक वापरात नसताना बूच लावून ठेवायचं, कारण आमच्या व्हॅनच्या सिंकखाली घरासारखा यू-ट्रॅप नाही, मोरीचा वास सरळ आत येतो. हळदीचे डाग लगेच पुसाल तर फार उपकार होतील, पांढऱ्या प्लास्टिकवरून ते नंतर निघत नाहीत.

कॅसेट

कॅसेटमधे साधारण १८ लिटर मावतं. इंग्रज कुटुंबाला ते दोन दिवस पुरतं, आपल्याला पुरत नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही, आपण पाणी वापरतो. हिशोब करा, चार माणसं, दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा लिटर, म्हणजे धुण्याचंच ८ लिटर झालं, वर फ्लश. म्हणून बाथरूममधे मगऐवजी पिचकारीची बाटली ठेवलीये, तिच्यात २०० मिलीत काम होतं. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना आल्या आल्या हे नीट समजावून सांगा, नाहीतर ते संकोचाने विचारत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट काठोकाठ भरलेली सापडते. लाल दिवा लागायची वाट बघू नका, रोज सकाळी रिकामी करा.

न्यायची कुठे, तर एल्सन पॉइंट अशी पाटी असेल तिथे, काही साइटवर केमिकल डिस्पोजल पॉइंट लिहितात. (एल्सन हे मुळात कंपनीचं नाव, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांतही त्यांचीच टॉयलेटं असायची.) आधी आतलं झाकण सरकवून बंद, मग बाहेरच्या दारातून कॅसेट ओढून काढायची. ओतताना लांब तोंड खाली वळवा आणि अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरा, ते दाबलं नाही तर भक्क भक्क करत अंगावर उडतं. खंगाळून, परत ओतून, मग २ लिटर पाणी आणि मापाने हिरवं केमिकल. आम्ही निळं देत नाही, कारण गावाकडच्या बऱ्याच साइटचं मैलापाणी सेप्टिक टँकमधे जातं आणि निळ्याने तिथले कामाचे जिवाणू मरतात. ओले वाइप्स, पॅड काहीही आत टाकू नका.

पिचवरच्या मोरीत कॅसेट ओतायची नाही, रात्र असो, पाऊस असो. ती मोरी सिंकच्या पाण्यासाठी आहे, आणि काही साइटवर ती नुसती जमिनीत जिरते. पलीकडच्याच पिचवर कुणाचं तरी रांगतं बाळ असतं. एल्सन पॉइंटवरचा खंगाळायचा पाईपही तिथेच राहू द्या, त्याने बॅरल भरू नका, आणि तिथून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय निळ्या बॅगेला हात लावायचा नाही.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरनंतर जात असाल तर

बॉयलरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, त्याच्या आसपास तापमान ३ अंशांच्या खाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरचं पाणी खाली सोडून देतो, म्हणजे गोठून टाकी फुटू नये. सकाळी गरम पाणी नाही आणि व्हॅनखाली ओलं दिसलं तर घाबरू नका, काही तुटलेलं नाही. आधी हीटरने आतली जागा गरम करा, ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय तो व्हॉल्व्ह परत बसतच नाही, जोर लावू नका. थंड रात्री झोपताना पंपाचा स्विच ऑफ, पिचचा नळ बंद आणि पाईप काढून ठेवा. दिवसभर फिरायला बाहेर जातानाही नळ बंद करूनच जा.

निघताना

पंप ऑफ, पिचचा नळ बंद, मग आतला एखादा नळ उघडून जोर जाऊ द्या आणि त्यानंतर पाईप काढा. निळा पाईप निथळवून त्याची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवा, म्हणजे आत किडे जात नाहीत. बॅरल पूर्ण रिकामं, कॅसेट धुतलेली, करडा पाईप पाणी सोडून स्वच्छ केलेला, एवढं करून व्हॅन परत आणा.

आणि काही अडलं तर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, नुसतं पाणी येत नाही असं न लिहिता तीन फोटो पाठवा, नळाचा, बॅरलमधल्या पंपाचा आणि व्हॅनच्या सॉकेटचा. रात्री अकरापर्यंत आमच्यातलं कोणीतरी जागं असतं.