पार्श्वभूमी : कांगारू टिकले, बेटाँग का हरवले?

शिशुधान (पोटावरच्या पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या) प्राण्यांवरील संकट म्हटले की आधी कांगारू आठवतो. पण ऑस्ट्रेलियातील मोठे तांबडे आणि करडे कांगारू नामशेष होण्याच्या वाटेवर नाहीत. मेंढ्यांसाठी जागोजागी केलेले पाणवठे आणि डिंगो या शिकारी रानकुत्र्यांना अडवणारे ५,६०० किलोमीटरचे कुंपण यांचा काही भागांत त्यांना फायदाच झाला. झळ बसली ती सशाएवढ्या, मांजराएवढ्या लहान शिशुधानांना: कांगारूंच्या छोट्या भाईबंद असलेल्या वॉलबी आणि बेटाँग यांना, आणि लांब कानांच्या बिल्बींना.

सुरुवात कुरणांवरून झाली. मेंढपाळाच्या हिशेबी गवत खाणारा प्रत्येक रानटी प्राणी मेंढीच्या तोंडचा घास पळवणारा होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताच्या १८७७ च्या कायद्याचे नावच मुळी ‘शिशुधान विनाश कायदा’ असे होते. मारलेल्या प्राण्याच्या डोक्याची कातडी जमा करावी आणि इनाम घ्यावे, अशी पद्धत होती. १९३० पर्यंत एकट्या क्वीन्सलँडमध्ये सुमारे २ कोटी ७० लाख प्राणी अशा रीतीने मारले गेले.

त्याच सुमारास परके प्राणीही येऊन ठेपले. व्हिक्टोरियातील जमीनदार थॉमस ऑस्टिन याने १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून ससे मागवले आणि १८७० च्या दशकात त्याच हौसेपायी तेथे तांबडी खोकडे (मराठीत आपण ज्यांना सरसकट कोल्हे म्हणून मोकळे होतो) सोडण्यात आली. मांजरे तर १७८८ पासूनच वसाहतवाल्यांसोबत आली होती. सशांनी जमिनीलगतचा आडोसा कुरतडून संपवला, त्याच सशांवर खोकडे पोसली गेली, आणि आडोसा गमावलेले लहान प्राणी त्यांच्या तोंडी आयते सापडले. सर्वाधिक हानी साधारण ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो वजनाच्या प्राण्यांची झाली, असे संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवून दिले.

शेपटीच्या टोकाला नखासारखा काटा आणि खांद्यावर लगामासारखा पांढरा पट्टा असलेली एक वॉलबी तर संपलीच, असे धरले गेले होते. १९७३ मध्ये कुंपणे घालणाऱ्या एका कंत्राटदाराने मासिकात तिच्याविषयी वाचले आणि हा प्राणी आपल्या परिसरात दिसतो, असे कळवले. ते ठिकाण होते क्वीन्सलँडमधील डिंगो नावाच्या गावाजवळ! सरकारने पुढे ती जमीन विकत घेऊन तेथे टॉन्टन राष्ट्रीय उद्यान केले.

बिळे खोदणारा बेटाँग एकेकाळी मुख्य भूमीच्या मोठ्या भागात होता. विसाव्या शतकात तो तेथून नाहीसा झाला आणि बर्नियर, डोर यांसारख्या खोकडे न पोहोचलेल्या बेटांवर तेवढा उरला. आज मुख्य भूमीवर त्याची वस्ती आहे ती संरक्षक कुंपणांच्या आत. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रॉक्सबी डाउन्स गावाजवळच्या अशा एका कुंपणाचा वरचा भाग मुद्दाम सैल ठेवला आहे. मांजर चढले की जाळी वाकते आणि ते बाहेरच्या बाजूला खाली पडते.