मुंबईतली मंदी आणि रेडी रेकनर: थोडी पार्श्वभूमी

मंदी आली की मुंबईत घर स्वस्तात मिळेल, या हिशेबाने पैसे बाजूला ठेवून थांबणारी माणसं प्रत्येक पिढीत असतात. बहुतेकांचा अनुभव सारखाच. व्यवहार थंडावतात, एजंटांचे फोन वाढतात, बिल्डर पार्किंग, मॉड्युलर किचन, मुद्रांक शुल्क असं बरंच काही पदरात टाकायला तयार होतो. करारनाम्यावरचा आकडा मात्र हलत नाही. याला जागेची टंचाई, बिल्डरांची कर्जं, एफएसआयचे (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं, त्याचे) नियम अशी बरीच कारणं आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. रेडी रेकनरबद्दल, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरांच्या तक्त्याबद्दल, त्या मानाने कमी बोललं जातं, म्हणून इथे भर त्यावर आहे.

जुना इतिहास थोडक्यात. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यातून पागडी फोफावली आणि भाड्याने द्यायला घरं बांधणं जवळपास बंद पडलं. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोकळी जमीन अडकून पडली. तो कायदा राज्यात २००७ च्या अखेरीस रद्द झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं, हा वाद २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. या सगळ्यातून एक समजूत पक्की झाली, की मुंबईतला भाव खाली येतच नाही.

ती समजूत खरी नाही. १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटचे दर जगातल्या सर्वांत महाग जागांच्या यादीत होते. त्यानंतर बाजार घसरला आणि २००० नंतरही काही काळ सावरला नाही. त्या वर्षांत थांबलेल्यांना खरोखरच कमी भावात घरं मिळाली. पण तेव्हाचे व्यवहार आजच्यासारखे नव्हते. एक नंबरचे किती आणि दोन नंबरचे किती, हे आधी ठरायचं आणि करारात त्यातला फक्त एक भाग उतरायचा. ही चोरी रोखण्यासाठीच मालमत्तेचं खरं बाजारमूल्य ठरवण्याचे नियम १९९५ मध्ये आले आणि दरवर्षीच्या मूल्यदर तक्त्यांना कायद्याचा आधार मिळाला. लोक त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. हेतू चांगला होता. करारात खोटा, कमी आकडा लिहिणाऱ्याला त्या तक्त्याने धरायचं होतं. खरोखर कमी भावात घेणाराही त्यात सापडेल, याचा विचार झालेला दिसत नाही.

गुंता शब्दापासूनच आहे. मुंबईतल्या घराचा कोणताही ‘सूची क्रमांक दोन’चा, म्हणजे दस्तनोंदणीचा, उतारा हातात घ्या. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. मोबदला म्हणजे घेणाऱ्याने प्रत्यक्ष दिलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे तक्त्यातून आलेली रक्कम, जिचा त्या दिवशीच्या बाजाराशी संबंध असेलच असं नाही. तक्ता विभागवार असतो. खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान असे त्याचे रकाने असतात. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के जास्त, अकराव्या ते विसाव्याला १० टक्के जास्त. इमारतीच्या वयानुसार घसाराही मिळतो. पण खिडकीखाली नाला आहे की बाग, हे तक्त्याला कळत नाही. विकणाऱ्याची नोकरी गेली आहे आणि त्याला महिन्याभरात पैसे हवे आहेत, हेही कळत नाही. मंदीत नेमकं याच दोन गोष्टींनी भाव ठरतो.

मुद्रांक शुल्क या दोन्ही आकड्यांपैकी जो मोठा त्यावर लागतं. तेवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. पण २००३ पासून प्राप्तिकरानेही हाच आकडा उचलला. आधी विकणाऱ्याचा भांडवली नफा, मग २०१३ मध्ये बिल्डरचं उत्पन्न आणि घेणाऱ्याची ‘इतर उत्पन्ना’ची बाजू. एक हिशेब पाहा. तक्त्याप्रमाणे घर १ कोटी २० लाखांचं, मंदीत सौदा ठरला १ कोटी ५ लाखांना, सगळे पैसे चेकने. आताच्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. इथे तो त्याच्या वर गेला, म्हणून पूर्ण १५ लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर साडेचार लाखांचा कर, वर उपकर. विकणाऱ्याचा नफाही १ कोटी २० लाख धरूनच मोजला जातो. म्हणजे जे १५ लाख कोणीच कोणाला दिले नाहीत, त्यांच्यावर दोघांचा कर. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मूल्य आणि शुल्क ठरवून घेण्यासाठी, जाण्याची वाट कायद्यात आहे, पण घर विकून देणी फेडायला निघालेला माणूस त्या वाटेने क्वचितच जातो. साहजिकच दोघंही तक्त्याच्या आकड्याशी जुळवून घेतात आणि मंदी कागदावर उमटतच नाही.

२००८ ची मंदी ओसरली लवकर. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, इथले सौदे थांबले. पण रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ९ टक्क्यांवरून २००९ च्या एप्रिलपर्यंत पावणेपाच टक्क्यांवर आला, बिल्डरांच्या कर्जांची पुनर्रचना करायला मुभा मिळाली, आणि वर्षभरात भाव पुन्हा चढू लागले. विकण्याची सक्तीच उरली नाही. पुढे २०:८० योजना आल्या: वीस टक्के आता, बाकीचे ताब्याच्या वेळी. प्रत्यक्षात बँक बिल्डरला आधीच पैसे द्यायची आणि व्याज बिल्डर भरायचा. त्याने हप्ता थांबवला की बँक दार ठोठवायची ते ग्राहकाचं. बँकांना २०१३ मध्ये आणि गृहवित्त कंपन्यांना २०१९ मध्ये यातून बाहेर काढण्यात आलं. नोटाबंदी, रेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा), जीएसटी, २०१८ ची बिगरबँक कंपन्यांची पडझड हे सगळं मधल्या काळात एकामागून एक आलं.

मग २०२०. टाळेबंदीत दस्तनोंदणी बंदच पडली. ऑगस्टच्या अखेरीस राज्य सरकारने निर्णय घेतला: मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून डिसेंबरअखेरपर्यंत २ टक्के, पुढे मार्चअखेरपर्यंत ३ टक्के. डिसेंबरात शुल्क भरून ठेवा, दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवा, अशीही सोय दिली. एकट्या त्या डिसेंबरात मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. या निर्णयाचं आजही कौतुक होतं, आणि बाजार हलला हे खरंच आहे.

पण त्याच सप्टेंबरात रेडी रेकनरचे नवे दर आले. शंभर वर्षांत न आलेल्या साथीत मुंबईची घट होती सरासरी ०.६ टक्के. शुल्काची टक्केवारी निम्म्याहून खाली आणली, ज्यावर ते मोजायचं तो आकडा मात्र होता तिथेच ठेवला. फायदा कोणाला झाला ते पाहा. ४५ लाखांच्या घराला १ लाख ३५ हजार वाचले. १० कोटींच्या फ्लॅटला ३० लाख. पहिलं घर शोधणाऱ्या कुटुंबाला हवा होता तो भावातला उतार, आणि तोच मिळाला नाही. केंद्राने नोव्हेंबरात प्राप्तिकरातली फरकाची १० टक्क्यांची मर्यादा २० केली, पण फक्त बिल्डरकडून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या, २ कोटींपर्यंतच्या घरांसाठी आणि तीही जून २०२१ पर्यंत. रिसेलमध्ये घर विकणाऱ्या सामान्य माणसाला यातलं काही नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना बांधकामाच्या प्रीमियममध्ये (परवानगीसाठी सरकारी यंत्रणांना भरायच्या रकमेत) वर्षभरासाठी ५० टक्के सवलत मिळाली; अट एवढीच, की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क त्यांनी भरायचं.

तक्त्याचा दर खाली का आणला जात नाही, याचं उत्तर या प्रीमियमपाशी सापडतं. फंजिबल एफएसआयचा, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचा, प्रीमियम याच तक्त्यातल्या जमिनीच्या दरावर आकारला जातो, मुद्रांक शुल्काचं उत्पन्नही त्यावरच. दर १० टक्के उतरवला तर तिजोरीला दोन्हीकडून फटका. टक्केवारीची सवलत तारखेला संपते. उतरवलेला दर पुन्हा चढवताना मात्र ओरड होते.

सवलत संपली, एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा १ टक्का अधिभार परत आला आणि शुल्क ६ टक्के झालं. त्याच वर्षी मे महिन्यापासून रेपो दर ४ वरून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोचला. तरी २०२४ मध्ये मुंबईत १ लाख ४० हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. एप्रिल २०२५ मध्ये तक्त्याचा मुंबईचा दर ३.३९ टक्क्यांनी वाढवला गेला.