बाण कोणाकडे?

पोळ्याच्या मागेपुढे शालेय स्पर्धा सुरू झाल्या की विदर्भातल्या तालुक्याच्या मैदानांवर एक भांडण हमखास ऐकू येतं. मुरूम टाकलेलं बास्केटबॉलचं कोर्ट, पावसानं अर्ध्या पुसलेल्या फक्कीच्या रेषा, वर्गातून उचलून आणलेला बाक म्हणजे स्कोअररचं टेबल, आणि त्यावर चेंडूची पुढची पाळी कोणाची ते दाखवणारा, पुठ्ठ्याचा कापलेला बाण. दोन पोरं एकाच चेंडूला लोंबकळतात, शिट्टी वाजते, पंच टेबलाकडे बघतात आणि चेंडू समोरच्यांना देतात. "सर, बॉल तं आमच्या पोरानं धरला होता ना! त्यायले काउन देऊन राह्यले?"

महाराष्ट्राला बाणावरून भांडणं नवी नाहीत. बास्केटबॉलमधला हा बाण मात्र आपल्याकडे आला तो २००३ नंतर. त्याआधी खेळ सुरू करायचा तो पंचाचा हात : पंच दोन खेळाडूंच्या मध्ये चेंडू सरळ वर उडवायचे आणि दोघे उडी मारून तो टॅप करायचे, तीच जम्प.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला लिहिल्या गेलेल्या मूळ १३ नियमांत १५-१५ मिनिटांचे दोन डाव होते, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. वेळ ठेवायची ती रेफरीनेच. टेबल, टायमर, स्कोअरर वगैरे पसारा पुढचा. आपल्याकडच्या कितीतरी सामन्यांत आजही घड्याळ शिट्टीवाल्याच्याच मनगटावर असतं, म्हणजे १८९१ चा नियम इकडे जिवंत आहे म्हणायचा. आणखी एक गोष्ट तेव्हापासून हललेली नाही : चेंडू बाहेरून आत टाकायला मिळणारे ५ सेकंद.

पुढे बरीच वर्षं प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यवर्तुळात आणून पुन्हा उडवायचा, अशी पद्धत होती. ज्यांच्याकडे उंच सेंटर (जम्प घेणारा खेळाडू), त्यांच्याकडे चेंडू जाणार, हे ठरलेलंच. बास्केट खायची आणि नंतरची जम्पही हरायची. १९३७ मध्ये अमेरिकेत ही पद्धत मोडली. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, मातीच्या कोर्टवर झाला होता आणि १९-८ असा संपला. चिखलात चेंडू टप्पाच घेईना. ऑगस्टमधलं आपलं मैदान आठवा, वेगळं वर्णन करायची गरज नाही.

वेळ कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न सगळ्यात वाईट पद्धतीने १९७२ मध्ये म्युनिच ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात उभा राहिला. अमेरिका ५०-४९ ने पुढे, शेवटचे ३ सेकंद. ते ३ सेकंद तीनदा खेळवले गेले. एकदा खेळ मध्येच थांबला. दुसऱ्यांदा टेबलावर घड्याळ मागे लावून होण्याआधीच पंचांनी चेंडू खेळाडूच्या हातात दिला. तिसऱ्यांदा सोव्हिएत संघाने बास्केट केली आणि ५१-५० असा निकाल लागला. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत. घड्याळ ३ सेकंदांवर न्या, हे सांगणारा माणूस त्या सामन्याचा पंचच नव्हता, हे मात्र लोक विसरतात.

२००० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम एकदम घट्ट झाले. २० मिनिटांच्या दोन डावांऐवजी १० मिनिटांचे चार क्वार्टर, ३० ऐवजी २४ सेकंदांत शॉट, मागचा अर्धा भाग १० ऐवजी ८ सेकंदांत पार. टेबलावरचं काम वाढलं, आणि त्यातच बाणाची भर पडली.

बाणाची कल्पना अमेरिकेतल्या कॉलेजांची, १९८१ ची. तोवर हेल्ड बॉल झाला, म्हणजे दोघांनी चेंडू एकदमच धरून ठेवला, की जवळच्या वर्तुळात ज्यांनी चेंडू धरला त्याच दोघांत जम्प. आता फक्त पहिला क्वार्टर जम्पने सुरू होतो. पुढचे क्वार्टर आणि सगळे हेल्ड बॉल पाळीपाळीने, बाण ज्याचा त्याचा थ्रो-इन, म्हणजे बाहेरून चेंडू आत टाकायचा हक्क. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली, आजही होते. बचाव करणाऱ्या पोरानं जीव तोडून चेंडूला मिठी मारावी आणि बाण उलटा असल्यामुळे चेंडू ज्यांच्याकडून सोडवायचा होता त्यांनाच परत मिळावा, हे कोणालाही खुपेल. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने तर हेल्ड बॉलची जम्प अजून सोडलेली नाही.

पण खेड्यातल्या मैदानावरून पाहिलं तर हा निर्णय बरा झाला असंच म्हणावं लागतं. सरळ उंच चेंडू उडवणं ही कला आहे, आणि यजमान शाळेच्या पीटी सरांचा चेंडू कुठे कलतो हे अख्ख्या तालुक्याला माहीत असायचं. शिवाय पाच फुटांचा गार्ड आणि पावणेसहा फुटांचा सेंटर यांच्यात जम्प लावण्यात न्याय तो कसला?

अडचण वेगळीच आहे : 'सुरू' या शब्दाची. आपण सरसकट 'खेळ सुरू' म्हणतो, नियमात मात्र चेंडू लाईव्ह होणं (खेळात येणं), क्वार्टर सुरू होणं आणि घड्याळ सुरू होणं या तीन गोष्टी आहेत. पहिल्या क्वार्टरमध्ये चेंडू पंचाच्या हातून सुटला की तो लाईव्ह झाला आणि क्वार्टरही सुरू झाला. घड्याळ मात्र उडी मारणाऱ्याने नियमाप्रमाणे टॅप केल्यावरच. पुढच्या क्वार्टरना, टेबलाच्या विरुद्ध बाजूला मध्यरेषेपाशी उभ्या खेळाडूच्या हाती चेंडू दिला की क्वार्टर सुरू, आणि आत कोणीतरी त्याला हात लावला की घड्याळ. या मधल्या क्षणी कोणी धक्का दिला तर घड्याळात पूर्ण १० मिनिटं दिसत असतात, तरी फाउल त्याच क्वार्टरचा धरायचा. "अजून सुरूच कुठं झालं" हा युक्तिवाद इथूनच निघतो.

'ताबा' या शब्दाचंही तसंच. सुरुवातीच्या जम्पनंतर ज्यांना पहिल्यांदा ताबा मिळत नाही, त्यांच्या बाजूने पहिला बाण लागतो. नुसता टॅप म्हणजे ताबा नव्हे. टॅप झालेला चेंडू तसाच बाहेर गेला तर विरुद्ध संघाचा थ्रो-इन. त्या थ्रो-इननंतर कोर्टच्या आत ज्यांना ताबा मिळत नाही, पहिला बाण त्यांचा. आणि टॅप झाल्याबरोबर, कोणाचाही ताबा येण्याआधीच दोघांनी चेंडू धरला तर? बाणाचा जन्मच झालेला नसतो, म्हणून त्याच दोघांत पुन्हा जम्प. टेबलावर बसवलेल्या नववीतल्या पोराला हे एका दुपारी कसं समजवायचं?

त्यातून मध्यंतर. बाण खेळाची दिशा दाखवतो, आणि तिसऱ्या क्वार्टरला संघ बाजू बदलतात. म्हणून मध्यंतरात बाण हाताने उलटा फिरवावा लागतो, पाळी तीच ठेवून. टेबलावरचं पोरगं चहा आणायला गेलेलं असतं आणि बाण जिथल्या तिथे राहतो. मग चुकीच्या संघाला थ्रो-इन मिळतो. चेंडूला आत कोणाचा हात लागायच्या आधी चूक कळली तर दुरुस्त करता येते. हात लागला की खेळ तसाच चालू ठेवायचा, फक्त ज्यांची पाळी हुकली त्यांचा हक्क बुडत नाही, पुढचा बाण त्यांचाच. पंचांनी एवढं वाक्य दोन्ही मार्गदर्शकांना बोलावून सांगितलं तर निम्मा आरडाओरडा तिथेच थांबतो. बहुतेक वेळा ते सांगितलं जातं सामना संपल्यावर, सहीच्या वेळी.