पत्रकार-कादंबरीकार : मराठवाड्यातली वाट

पत्रकार-कादंबरीकार म्हणजे बातमीदारी किंवा संपादन करता करता कथा-कादंबरीकडे वळलेला लेखक. मराठीत या वाटेवरचे सर्वांना ठाऊक असलेले नाव अरुण साधू (१९४१–२०१७) यांचे. बातमीदार म्हणून जवळून पाहिलेली मुंबई आणि तिथले सत्ताकारण त्यांनी ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांत आणले. मराठवाड्यातला लेखक मंत्रालयापासून दूर असतो. त्याची वाट तहसील कचेरी, मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, चारा छावणी आणि एसटी स्टँडवरून जाते. त्याच्या लेखनाचा पोत वेगळा होतो तो यामुळेच.

या प्रदेशात मराठी पत्रकारिता उशिरा आणि झगडून उभी राहिली. निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी यायची आणि ते दुसऱ्या नावाने पुन्हा निघायचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे अनंत भालेराव (१९१९–१९९१) यांच्या संपादकपदाच्या काळात ‘मराठवाडा’ हे या भागाचे मुखपत्रच झाले. भालेराव ओळखले जातात अग्रलेखांसाठी. पण ‘मांदियाळी’तली त्यांची व्यक्तिचित्रे वाचली की संपादकाच्या आत बसलेला कथनकार स्पष्ट दिसतो. नंतर नांदेडचे ‘प्रजावाणी’, लातूरचे ‘एकमत’, बीडचे ‘झुंजार नेता’ अशा दैनिकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत लिहिते हात तयार केले. फॅक्स येण्याआधी तालुक्याचा वार्ताहर बातम्यांचा लिफाफा एसटीच्या कंडक्टरच्या हाती देई. लिफाफा गेला की माणूस मोकळा; पण ऐकलेले सगळे त्या लिफाफ्यात मावलेले नसे.

हे न मावलेलेच पुढे कथेत उतरते. शेतकरी आत्महत्येची बातमी घ्या. गावाचे नाव, वय, किती एकर कोरडवाहू, कोणत्या बँकेचे किती कर्ज, पश्चात कोण, एवढ्यात ती संपते. त्यानंतर पंचनामा होतो आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. २००६ पासून पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली : ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेव म्हणून. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज सावकाराचे, कागदावर न आलेले असेल, तर विधवेच्या हाती काय लागते? वार्ताहर हे डोळ्यांनी पाहतो, आकडा मात्र एकच छापतो. त्या घरात पुढचे सहा महिने काय घडले, दिराने बोलणे कधी तोडले, पोरीची शाळा कोणत्या दिवशी सुटली, याला कॉलममध्ये जागा नसते. कादंबरीला नेमकी याचीच गरज असते. १९७२चा दुष्काळ, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन दरवर्षी कारखान्यांवर जाणारे ऊसतोड मजूर, हे सारे असेच बातमीत आले आणि बातमीपेक्षा मोठे उरले.

या वाटेचे आजचे सर्वांत ठळक उदाहरण परभणी जिल्ह्यातले आसाराम लोमटे. पत्रकारिता करतानाच त्यांनी ‘इडा पिडा टळो’ आणि ‘आलोक’ हे कथासंग्रह लिहिले. ‘आलोक’ला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘धूळपेर’मध्ये त्यांचे सदरलेखन आहे. ‘तसनस’ ही कादंबरी कथासंग्रहांनंतर आली, आणि हा क्रम मोलाचा वाटतो. रोजच्या डेडलाइनमध्ये कथेचा ऐवज सांभाळता येतो. कादंबरीला मात्र बैठक लागते आणि बातमीदाराला ती सहजी मिळत नाही. लोमटे यांच्या कथांतला माणूस दीनवाणा नाही. तो चिडतो, डाव ओळखतो, प्रसंगी स्वतःही डाव टाकतो. शेतकऱ्याला केवळ बळी म्हणून रंगवणाऱ्या लेखनापेक्षा हे कितीतरी खरे आहे, आणि यामागे वर्षानुवर्षे गावोगाव माणसे ऐकल्याचा हात आहे.

भाषेचाही एक पेच असतो. डेस्कवर बातमी प्रमाण मराठीत जाते. ‘आभाळ फाटलं’चे ‘अतिवृष्टी झाली’ होते. दिवसभर असे लिहिणाऱ्याला कथेत बोली परत आणावी लागते, आणि तिची झूल होऊ नये म्हणून जपावेही लागते. यात पुष्कळांचे लेखन अडखळते : संवाद बोलीत, निवेदन मात्र पुरवणीच्या लेखासारखे.

पहिले लेखन सहसा रविवारच्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकात येते. ‘प्रतिष्ठान’ या मराठवाडा साहित्य परिषदेच्या नियतकालिकानेही इथल्या लेखकांना जागा दिली. नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक होणे मात्र परवडत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला तर मानधन तुटपुंजे, आणि वर जाहिराती मिळवण्याचे कामही त्याच्याच गळ्यात. ज्या साखर कारखान्याने शेतकऱ्यांचे उसाचे बिल थकवल्याची बातमी द्यायची, त्याच्याच अध्यक्षांच्या वाढदिवसाची जाहिरात त्याला आणावी लागते. कादंबरीत गावाचे आणि कारखान्याचे नाव बदलले की हा अध्यक्ष पहिल्यांदा पूर्ण लिहिता येतो.