जुन्या मण्यांचा पिवळेपणा आला कुठून?

जुन्या बेकलाइटच्या, म्हणजे एका कृत्रिम राळेच्या, माळा हाताळणाऱ्यांना एक गोष्ट सुरुवातीला पटत नाही: आज मधाळ पिवळे दिसणारे कित्येक मणी घडवले तेव्हा पांढरेशुभ्र होते.

असाच मधाळ पिवळा रंग अंबरचा. अंबर म्हणजे लाखो वर्षं जमिनीखाली दडलेली झाडाची राळ. ती महाग आणि दुर्मीळ, म्हणून पर्यायांचा शोध आधीपासूनच सुरू होता. 1907 मध्ये लिओ बेकलंड या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून एकदा घट्ट झाली की पुन्हा न वितळणारी राळ बनवली; तीच बेकलाइट. 1909 मध्ये तिला पेटंट मिळालं. सुरुवातीच्या मालात लाकडाचा भुसा मिसळत, त्यामुळे तो काळा-तपकिरीच असे. 1927 च्या सुमारास मूळ पेटंटची मुदत संपली आणि भुसा न घालता ओतलेली, रंगीत, अर्धपारदर्शक राळ बाजारात आली. कॅटलिन हे त्यातलं गाजलेलं नाव. द्रव राळ शिशाच्या साच्यात ओतायची, भट्टीत मंद आचेवर कित्येक दिवस ठेवायची, मग निघालेल्या कांड्या कापून, कातून मणी करायचे.

या राळेतल्या फिनॉलवर हवा आणि उजेडाचा परिणाम होत राहतो. पृष्ठभागावर क्विनोनसारखी पिवळी-तपकिरी द्रव्यं तयार होतात. पांढरा त्यामुळे पिवळा होतो, निळा हिरवट, गुलाबी नारिंगी. पण हा थर अगदी पातळ असतो. टवका उडाला की आतला मूळ रंग दिसतो. पॉलिश करून तो थर काढून टाकणं मला तरी पटत नाही, कारण मण्याचं सगळं वय त्यातच असतं.

उष्णतेने हेच काम झटपट होतं. भट्टीत किंवा गरम तेलात ठेवलेला मणी चहूबाजूंनी सारखाच गडद होतो. खरं वय असं एकसारखं चढत नाही: शेजारचा मणी टेकतो तिथे उजेड कमी पोहोचतो आणि भोकाभोवती बहुधा फिकट कडं राहतं.

रंगवण्याची गोष्ट निराळी. दुधातल्या केसीन या प्रथिनापासून केलेलं गॅलॅलिथ हे प्लास्टिक रंगाच्या पाण्यात सहज रंगतं, त्यामुळे त्यात ही रीत मुळातलीच होती. फिनॉलच्या राळेत मात्र रंग आत फारसा मुरत नाही. भोकात आणि बारीक तड्यांत साचतो. धातूच्या पॉलिशने कापसावर घासलं तर जुनं बेकलाइट, मण्याचा रंग कुठलाही असो, पिवळा डाग सोडतं. लाल मण्याने कापूस लाल केला, तर वरून दिलेल्या रंगाचा संशय घ्यावा. तापवलेला मणीही पिवळाच डाग देतो, म्हणून एवढ्यावरून वय ठरवता येत नाही.