एसीएलमधला मास्क आला कुठून?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं एखादं छोटं ऑफिस घ्या. लिनक्स सर्व्हरवर ‘अकाउंट्स’ नावाची डिरेक्टरी. अकाउंट्सवाल्यांनी लिहायचं, ऑडिटरने नुसतं वाचायचं, स्टोअर्सच्या मॅडमनी लिहायचं पण त्यांना अकाउंट्सच्या ग्रुपमध्ये घ्यायचं नाही. मालक, ग्रुप आणि बाकीचे या तीन कप्प्यांत हे बसत नाही. मग कोणीतरी वैतागून ७७७ मारून, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन, मोकळा होतो.

हे कप्पे बेल लॅब्जच्या युनिक्सचे, १९७० च्या दशकातले. त्याआधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये माणूसवार परवानग्यांची यादी, म्हणजे एसीएल, होतीच. मल्टिक्समधून बेल लॅब्ज १९६९ मध्ये बाहेर पडली आणि युनिक्समध्ये नऊ बिटांवर (तीन कप्पे, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं) भागवलं गेलं. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमुळे एक माणूस एकाच वेळी अनेक ग्रुपांत राहू लागला, पण फाइलचा ग्रुप एकच राहिला.

पुढे वेगवेगळ्या युनिक्स कंपन्यांनी आपापले एसीएल आणले. ते एका सुरात आणायला पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या सामाईक प्रमाणकाच्या १००३.१ई गटाने मसुदे लिहिले. जानेवारी १९९८ मध्ये पाठबळ काढून घेतलं गेलं आणि प्रमाणक झालंच नाही. शेवटचा सतरावा मसुदा मात्र लोकांसाठी खुला केला. आंद्रेआस ग्रुएनबाखर यांनी लिनक्सचं एसीएल त्याच अर्धवट कागदावर उभं केलं, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात, २.५.४६ कर्नेलात, आलं.

सगळ्यांना छळणारा मास्क त्या मसुद्यातलाच. जुन्या प्रोग्रॅमांना एसीएल ठाऊक नाही. परवानग्या बदलणारी सीएचमॉड ही आज्ञा ६०० आकड्याने दिली की फाइल बाकी सगळ्यांना बंद, एवढंच त्यांना कळतं. त्यांचा हा भरवसा मोडू नये म्हणून एसीएल असलेल्या फाइलवर ग्रुपचे बिट म्हणजे मास्क ठरले: नावानिशी दिलेल्या परवानग्यांची आणि ग्रुपचीही कमाल मर्यादा. माझ्या मते तडजोड बरोबर होती, पण दाखवायची पद्धत फसवी.

एसीएल लिहिणाऱ्या सेटएफएसीएल आज्ञेने मॅडमना आरडब्ल्यूएक्स (वाचणं, लिहिणं, आत शिरणं) दिलं, नंतर कोणी त्या डिरेक्टरीवर सीएचमॉड ७५० केलं, की मधल्या ५ मुळे मास्कमधलं लिहिणं जातं आणि मॅडमना नवी फाइल करता येत नाही. एसीएल दाखवणाऱ्या गेटएफएसीएलमध्ये त्यांच्या ओळीत आरडब्ल्यूएक्स तसंच दिसतं, शेजारी बारीक ‘इफेक्टिव्ह आर-एक्स’, म्हणजे प्रत्यक्षात लिहिणं नाही. मास्क पुन्हा आरडब्ल्यूएक्स केला की काम सुरू.

डिफॉल्ट एसीएल, म्हणजे डिरेक्टरीवर आधीच लावून ठेवलेली यादी, हीही त्या मसुद्यातलीच. ती डिरेक्टरीत नव्याने तयार होणाऱ्या फाइलींनाच लागते. त्याच डिस्कवरून एमव्ही या फाइल हलवणाऱ्या आज्ञेने आत सरकवलेली फाइल आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन येते.